सोलापूरच्या दवाखान्यांनो, एसीआधी गच्ची बघा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डाचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. रुग्ण तळमळतात, एसी थांबायचं नाव घेत नाही. म्हणून नवा एसी घेण्याआधी गच्चीला ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग द्या, तोही फेब्रुवारी संपायच्या आत. पैशांची ओढाताण असेल तर चुन्याचे दोन हातही चालतात; पावसात धुपला की पुढच्या उन्हाळ्याआधी पुन्हा द्यायचा.

ओपीडी आणि ऑफिसात एसी २४ अंशांवर ठेवा. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. जोडीला पंखा हवाच. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. आपल्याकडे धूळ फार, तेव्हा एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

ऑपरेशन थिएटर, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि लसींच्या फ्रीजचं तापमान मात्र बचतीसाठी अजिबात बदलू नका. थिएटर रिकामं असताना तिथे काय कमी करता येईल, हे संसर्ग नियंत्रण पाहणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.