स्टुडंट व्हिसा: नाशिकच्या फाइलींत वारंवार दिसणाऱ्या या चुका टाळा

व्हिसा नाकारला की घरात पहिला संशय इंग्रजीवर जातो आणि दुसरा नशिबावर. माझ्यासमोर येणाऱ्या फाइलींत मात्र कारण बहुतेक वेळा कागदांतच सापडतं. पैसा घरात असतो, पण ज्याच्या नावावर, ज्या खात्यात आणि जितके दिवस असायला हवा तसा नसतो. नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. उत्पन्नाचे दोन दाखले एकमेकांना खोटं पाडतात. व्हिसा अधिकारी तुमच्या घराला, शेताला, वडिलांच्या शब्दाला ओळखत नाही. तो कागद वाचतो आणि दोन कागद जुळले नाहीत की थांबतो. म्हणून ऑफर लेटर येण्याची वाट न बघता वर्षभर आधी ही फाइल उघडायला हवी.

द्राक्षाचे पैसे आणि 28 दिवस

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागातल्या मुलामुलींची अडचण इथे सुरू होते. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो, व्यापारी हप्त्याहप्त्यानं पैसे देतो. त्यातून 31 मार्चच्या आत सोसायटीचा भरणा होतो, मग एप्रिलची खरड छाटणी, मजुरी, खतं, औषधं. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी व्हिसाचा अर्ज जून-जुलैत करायचा असतो आणि नेमक्या त्या वेळी खातं रिकामं असतं. मग इकडून-तिकडून उसने घेऊन एका दमात वीस-पंचवीस लाख खात्यात भरले जातात.

यूकेचा नियम नीट समजून घ्या. कोर्सची राहिलेली फी आणि राहण्याचा खर्च एवढी रक्कम दाखवावी लागते. राहण्याचा खर्च 11 नोव्हेंबर 2025 पासून लंडनसाठी महिना 1,529 पौंड आणि लंडनबाहेर 1,171 पौंड धरतात, जास्तीत जास्त 9 महिन्यांचा. म्हणजे लंडनबाहेरच्या वर्षभराच्या कोर्सला 10,539 पौंड, फी वेगळी. ही सगळी रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी आणि त्या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधीच्या 31 दिवसांत पडायला हवा.

'सलग' म्हणजे एकही दिवस कमी नाही. समजा गरज 25 लाखांची आहे आणि खात्यात 25 लाख 10 हजार आहेत. एकोणिसाव्या दिवशी ट्रॅक्टरचा 32 हजारांचा हप्ता आपोआप कापला गेला आणि दुसऱ्या दिवशी मामांनी तेवढे भरून दिले. घरच्या हिशोबानं काही बिघडलं नाही, पण व्हिसाची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. शिवाय रुपयांचे पौंड अर्जाच्या दिवशीच्या दरानं मोजतात, त्यामुळे काठावरची रक्कम दर हलला की कमी पडते. पाच-सात टक्के जास्तच ठेवा. या पैशासाठी वेगळं खातं उघडा आणि त्याला कोणताही हप्ता, कार्ड, विमा जोडू नका. शक्य असेल तर हंगामाचे पैसे जसे येतील तसे त्यातला शिक्षणाचा वाटा थेट तिथे वळवा. महिन्यामहिन्यानं वाढत गेलेलं खातं अधिकाऱ्याला पटतं. आदल्या आठवड्यात फुगलेलं खातं दिसलं की तो पैसे कुठून आले ते विचारतो.

पतसंस्थेतल्या ठेवींबद्दल स्पष्टच सांगते. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत, व्याज चांगलं मिळतं आणि माणसं ओळखीची असतात. पण पतसंस्था सहकार कायद्याखाली चालते, ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बँक नाही. ज्या वित्तसंस्थेवर अधिकृत नियामकाची देखरेख आहे, तिथलेच पैसे यूकेला चालतात. पावती मुदतीत असेल तर मुदत कधी संपते ते आजच बघा. कर्जासाठी तारण ठेवलेली एफडीही मोकळी रक्कम म्हणून दाखवता येत नाही.

जमीन, बंगला, सोनं यांचं मूल्यांकन करून आणलेला जाडजूड रिपोर्ट काही देशांत पाठबळ म्हणून बरा दिसतो. पण सातबाऱ्यानं फी भरली जात नाही, त्यामुळे त्याच्या जोरावर रोख रकमेची अट कोणी माफ करत नाही. कॅनडाला 1 सप्टेंबर 2025 पासून एकट्या विद्यार्थ्यासाठी फी सोडून 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, ऑस्ट्रेलियाला वर्षाच्या खर्चापोटी 29,710 ऑस्ट्रेलियन डॉलर. जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात. हे आकडे बदलत राहतात. गेल्या वर्षी गेलेल्या मित्राचा आकडा धरून चालू नका, त्या देशाच्या सरकारी साइटवर अर्जाच्या महिन्यात बघा.

काकांचे पैसे

एकत्र कुटुंबात पैसा कोणाच्या नावावर आहे याला फारसा अर्थ नसतो, पण व्हिसाच्या नियमांत तो असतो. यूकेसाठी खातं विद्यार्थ्याचं, आई-वडिलांचं, कायदेशीर पालकाचं किंवा जोडीदाराचं चालतं. काका, मामा, आजोबा, मोठा भाऊ यांच्या खात्यातले पैसे धरत नाहीत, मग त्यांनी कितीही प्रतिज्ञापत्रं दिली तरी. त्यांना मदत करायचीच असेल तर रक्कम वेळेवर आई-वडिलांच्या किंवा मुलाच्या खात्यात यावी, बक्षीसपत्र करून, बँकेतून. अमेरिकेला नातेवाईकांचं पाठबळ चालतं, पण ते का देतायत आणि त्यांच्याकडे कुठून आलं हे मुलाखतीत विचारलं जाऊ शकतं.

आई-वडिलांचं खातं दाखवायचं तर त्यांचं संमतीपत्र आणि नातं सिद्ध करणारा जन्मदाखला लागतो. इथे बरेच जण ऐनवेळी अडकतात. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या नोंदीत अनेकदा बाळाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि आई-वडिलांची नावं. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घ्यायला वेळ लागतो. शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या जागी चालत नाही. आज कपाटातून जन्मदाखला काढून बघा.

कर्जाचं पत्र म्हणजे कर्ज नव्हे

शिक्षणकर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असावं, आई-वडील सहकर्जदार. वडिलांनी घर गहाण ठेवून स्वतःच्या नावावर उचललेलं कर्ज शिक्षणकर्ज म्हणून धरलं जात नाही. पत्रावरची तारीख यूकेच्या अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुनी नको. 'कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन पूर्ण झाल्यावर' अशी ओळ असलेलं सँक्शन लेटर तर मुळीच लावू नका. व्हिसा मिळणं एवढी एकच अट त्यात असली तर चालते. बँकेत बसून पत्र वाचा आणि नको त्या ओळी काढून नवीन पत्र मागा. नियम दाखवलात तर मॅनेजर देतात.

दोन दाखले, दोन उत्पन्नं

हे लिहिताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण ही चूक प्रामाणिक घरांतूनही होते. बारावीनंतर फी सवलतीसाठी किंवा नॉन-क्रीमी लेयरसाठी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढलेला असतो, अर्थातच आठ लाखांच्या आतला. चार वर्षांनी व्हिसासाठी सीएकडून प्रमाणपत्र येतं त्यात वार्षिक उत्पन्न 22 लाख. सवलतीचे कागद कॉलेजच्या फाइलीत असतात, कधी स्कॉलरशिपचा उल्लेख तुमच्याच अर्जात येतो. मग अधिकाऱ्यानं कोणता आकडा खरा मानायचा?

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून रिटर्नच भरायचं नाही, ही सवय इथे महागात पडते. रिटर्नमध्ये शेतीउत्पन्न करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवता येतं. दोन-तीन वर्षं ते नीट दाखवलेलं असेल, सोबत बाजार समितीच्या पट्ट्या, निर्यातदाराकडून खात्यात आलेले पैसे, सातबारा आणि आठ-अ असतील, तर शेतकऱ्याची फाइल पगारदाराच्या फाइलीइतकीच भक्कम होते. व्यापाऱ्यानं रोखीत दिलं तर त्याचा माग उरत नाही. मुलीला दोन वर्षांनी पाठवायचं ठरवलं असेल तर या हंगामापासूनच पैसे बँकेतून घ्या.

नाव

दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं, 'सरनेम'मध्ये आडनाव. आधारवर आणखी वेगळं. क्रम वेगळा असणं हे फारसं गंभीर नाही. स्पेलिंग वेगळं असणं गंभीर आहे: एकीकडे 'व्ही', दुसरीकडे 'डब्ल्यू', एकीकडे एक 'ए', दुसरीकडे दोन. पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचं सगळं नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिलं नाव 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) असं छापलं जातं. पुढे बँक, विद्यापीठ, विमा सगळीकडे ते निस्तरत बसावं लागतं. अर्ज, ऑफर लेटर, परीक्षेचं नाव सगळं पासपोर्टप्रमाणेच भरा. पासपोर्टच चुकीचा असेल तर विद्यापीठात अर्ज करण्याआधी दुरुस्त करा, नंतर नको.

जर्मनीला जाणाऱ्यांनी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्या शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचा दाखला, विसरू नये. भारतीय विद्यार्थ्यांसाठी ते नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं आहे आणि फी 18,000 रुपये. त्याला प्रत्येक सेमिस्टरचं गुणपत्रक लागतं. नाशिकमधली बरीच कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे हरवलेल्या मार्कशीटसाठी पुण्याचे हेलपाटे घालावे लागतात. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा विद्यापीठाचा एकत्रित दाखला, शेवटच्या निकालाची वाट न बघता मागवायला लागा.

पासवर्ड कोणाकडे आहे?

कॉलेज रोड, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर या पट्ट्यात कन्सल्टन्सीचे बोर्ड ओळीनं दिसतात. त्यांत मनापासून काम करणारे आहेत. पण त्यांच्याकडे जाताना दोन गोष्टी सोडू नका. प्रत्येक पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच असावा आणि पासवर्डही तुमच्याकडे असावा. विद्यापीठाचा मेल, दूतावासाचा मेल, कागद मागणारी नोटीस या गोष्टी एजंटच्या इनबॉक्समध्ये पडून राहिल्या आणि मुदत गेली तर नुकसान तुमचं होतं. दुसरं, सबमिट करण्याआधी भरलेला अर्ज स्वतः वाचा. खाली सही तुमची आहे.

'बॅलन्स आम्ही दाखवून देतो', 'एक्सपीरियन्स लेटरची व्यवस्था होईल' असं कोणी म्हणालं की उठून बाहेर या. खोटा कागद सापडला तर कॅनडा पाच वर्षांची बंदी घालते, यूके दहा वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. 2023 मध्ये बनावट ऑफर लेटरवर कॅनडात गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचं प्रकरण गाजलं. अनेकांना ते पत्र खोटं आहे हे माहीतच नव्हतं. त्यानंतर 1 डिसेंबर 2023 पासून कॅनडा प्रत्येक पत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेते. तुम्हीही विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसला स्वतः मेल करून विचारा.

मुलाखत

अमेरिकेची मुलाखत अनेकदा दोन-तीन मिनिटांत संपते. नाकारताना बहुतेक वेळा कलम 214 (बी) दाखवतात: शिकून परत येण्याचा तुमचा इरादा पटला नाही. क्लासमध्ये पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. 'हे विद्यापीठ का?' यावर 'उत्तम प्राध्यापक आणि जागतिक दर्जाच्या सुविधा' हे उत्तर रांगेतल्या सगळ्यांकडे असतं. 'मी सातपूरच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर काम केलं, टूल कधी झिजेल याचा अंदाज आम्ही अनुभवानंच बांधायचो, या कोर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला नेमका त्यावर विषय आहे' हे उत्तर फक्त तुमचं असतं. मेकॅनिकल करून डेटा सायन्सला जाणाऱ्यांनी तर ही साखळी आधी स्वतःला समजावून सांगावी. ऑस्ट्रेलियाच्या अर्जातल्या 'जेन्युइन स्टुडंट' (तुम्ही खरंच शिकायला जाताय का) या प्रश्नांनाही हेच लागू आहे. तिथे प्रत्येक उत्तराला 150 शब्दांचीच जागा आहे, त्यात इंटरनेटवरून उचललेल्या स्तुतीला जागा देऊ नका.

अमेरिकेसाठी सेव्हिस फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी, मुलाखतीच्या आधी भरलेली हवी. डीएस-160 या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती लिहावी लागतात आणि जून 2025 पासून ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. एखादं जुनं खातं गाळू नका. अर्ज नव्यानं भरला तर अपॉइंटमेंटवरचा अर्जाचा नंबरही बदलून घ्या. बोटांचे ठसे एका दिवशी एका जागी, मुलाखत नंतर मुंबईत बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कॉन्सुलेटमध्ये. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून नऊच्या अपॉइंटमेंटला पोचता येत नाही, आदल्या दिवशीच मुंबई गाठा. आत मोबाइल नेता येत नाही, तो सांभाळायला कोणीतरी सोबत असावं.

यूकेला सहा महिन्यांपेक्षा जास्त जाणाऱ्यांना टीबीची तपासणी लागते, तीही त्यांच्या यादीतल्या केंद्रातच. जवळच्या एक्स-रे सेंटरचा रिपोर्ट चालत नाही. तिकीट आणि नोकरीचा राजीनामा व्हिसा हातात आल्यावर.

नकार आला तर

त्याच आठवड्यात तीच फाइल पुन्हा टाकू नका. नकाराच्या पत्रातली कारणं ओळ न् ओळ वाचा आणि प्रत्येकासमोर कोणता नवीन कागद आहे ते लिहा. समोर काहीच लिहिता आलं नाही तर पुढचा अर्जही तिथेच थांबेल. यूकेच्या अधिकाऱ्यानं दिलेल्या कागदांकडे दुर्लक्ष करून निर्णय दिला असेल तर 28 दिवसांत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू, म्हणजे त्या निर्णयाची फेरतपासणी, मागता येतो, पण त्यात नवीन कागद जोडून जुनी उणीव भरता येत नाही. रक्कम खरंच 28 दिवस नव्हती, तर नवीन अर्जच करावा लागतो. अमेरिकेच्या 214 (बी)वर अपील नाही. परिस्थितीत काही बदललं असेल तर नवीन फी भरून पुन्हा जाता येतं.

आणि पुढच्या कोणत्याही देशाच्या अर्जात 'याआधी व्हिसा नाकारला होता का?' या प्रश्नाला 'हो' लिहा. कधी, कोणी, का नाकारला आणि आता काय बदललं, एवढं चार ओळींत सांगा. जुना नकार असलेल्यांनाही व्हिसा मिळतो. तो नकार लपवलेला सापडला तर मात्र नाकारण्याचं नवं कारण त्यांच्या हातात जातं. विद्यापीठाला लगेच कळवून प्रवेश जानेवारीच्या किंवा पुढच्या वर्षीच्या सत्राला ढकलता येतो का तेही विचारा. डिपॉझिट परत मिळण्याचे नियम ऑफर लेटरसोबतच लिहिलेले असतात आणि त्यासाठी नकाराचं मूळ पत्र लागतं, ते जपून ठेवा.