स्विचचं कार्ड चुकून फॉरमॅट झालं? आधी ते बाहेर काढा

पोरांच्या हातून निन्टेंडो स्विच या गेम कन्सोलचं मेमरी कार्ड फॉरमॅट झालं, तर कन्सोल बंद करून कार्ड लगेच बाहेर काढा. फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त फायलींची यादी पुसली जाते, मूळ डेटा जागेवरच असतो. त्यावर नवा गेम उतरवलात, की मात्र जुना डेटा कायमचा गेला.

जीव मुठीत धरू नका. खेळातली प्रगती, म्हणजे सेव्ह, स्विचच्या अंतर्गत मेमरीत असते, कार्डावर नाही. विकत घेतलेले डिजिटल गेम निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानातून, म्हणजे ई-शॉपवरून, पुन्हा फुकट उतरवता येतात. धोका असतो तो कार्डावरच्या स्क्रीनशॉट आणि व्हिडिओंना, आणि ते वाचवायलाच हवेत.

कार्ड रीडर घरी नसेल तर मुंबईत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. कार्ड कॉम्प्युटरला लावल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं, तर ‘कॅन्सल’च दाबा. मग ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवून जेपीजी (स्क्रीनशॉट) आणि एमपी४ (व्हिडिओ) फायली शोधा. सापडलेल्या फायली कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवा, त्याच कार्डावर अजिबात नको. जुनी नावं परत येत नाहीत, त्यामुळे एकेक उघडून बघावी लागेल. दुकानात कार्ड दिलंत, तर ‘यावर काही लिहू नका’ हे आधी बजावा.