नवा कॉम्प्युटर डोमेनला जोडला, पण अपडेट येत नाहीत: कुठून तपासायला सुरुवात करावी

महाप्याच्या एमआयडीसीत एका छोट्या ऑफिसात सहा नवे कॉम्प्युटर डोमेनला, म्हणजे ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेला, जोडून दिले होते. तिसऱ्या दिवशी फोन आला, "सर, सगळ्या नव्या मशीनवर अपडेटला एरर येतोय, सर्व्हर बंद पडलाय बहुतेक." ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोली, तिथून रिक्षा. पोचल्या पोचल्या मी ऑफिसातल्या मशीन्सना मायक्रोसॉफ्टचे अपडेट वाटणारा सर्व्हर, म्हणजे डब्ल्यूसस, रीस्टार्ट केला. मग त्याची सर्व्हिस, मग आयआयएस, म्हणजे तो ज्यावर चालतो तो विंडोजचा वेब सर्व्हर. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी एरर जागचा हलेना. जुनी मशीन्स त्याच सर्व्हरवरून त्याच सकाळी अपडेट घेऊन मोकळी झाली होती, हे बघायचं मला दुपारी सुचलं.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: जुन्या मशीन्सचं नीट चाललंय का? चालत असेल तर सर्व्हरला हात लावू नका, दोष नव्या मशीनकडे किंवा तिच्या वाटेत आहे.

(खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करा. एरर कोडच्या सुरुवातीचं शून्य-एक्सही मी गाळलं आहे.)

मशीन नेमकी कोणाकडे अपडेट मागतेय?

हे बघायला रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) दाखवणारा रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकेएलएम (तिथे 'एचकी लोकल मशीन' असं पूर्ण नाव दिसेल), सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोजअपडेट असं खाली उतरत जा. तिथे 'डब्ल्यूयूसर्व्हर' या नोंदीत तुमच्या सर्व्हरचा पत्ता पोर्टसकट (सर्व्हरच्या दाराच्या क्रमांकासकट) हवा, आणि आतल्या 'एयू' फोल्डरमध्ये 'यूजडब्ल्यूयूसर्व्हर' ची किंमत १ हवी. महाप्याला त्या सहाही मशीन्सवर हे फोल्डरच नव्हतं. म्हणजे मशीन्स ऑफिसच्या सर्व्हरकडे जातच नव्हत्या. त्या थेट मायक्रोसॉफ्टकडे निघाल्या होत्या आणि ऑफिसचा फायरवॉल त्यांना दारातच अडवत होता. ८००७२ईई२, म्हणजे वाट बघून वेळ संपली, हा एरर खरा होता. फक्त तो आमच्या सर्व्हरचा नव्हता.

असं का होतं? डोमेनला जोडलेला कॉम्प्युटर, वेगळं काही सांगितलं नसेल, तर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधल्या मशीन्सच्या आणि वापरकर्त्यांच्या यादीत) 'कॉम्प्युटर्स' नावाच्या कंटेनरमध्ये जाऊन पडतो. हा कंटेनर ओयूसारखा (मशीन्सच्या गटाच्या फोल्डरसारखा) दिसतो, पण ओयू नाही, त्याला ग्रुप पॉलिसी, म्हणजे मशीन्सना आपोआप लागू होणारे नियम, जोडताच येत नाही. तुमची अपडेटची पॉलिसी 'ऑफिस पीसी' वगैरे ओयूला जोडलेली असेल, तर नव्या मशीनला तिचा पत्ताच नसतो. लॉगिन होतं, प्रिंटर चालतो, शेअर फोल्डर उघडतं, त्यामुळे संशयही येत नाही.

उपाय दोन मिनिटांचा. मशीन उचलून योग्य ओयूमध्ये टाका, ती रीस्टार्ट करा, मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'जीपीअपडेट /फोर्स' चालवा. घाई नसेल तर पॉलिसी साधारण ९० ते १२० मिनिटांत आपोआपही ताजी होते. नंतर 'जीपीरिझल्ट /आर' च्या कॉम्प्युटर भागात पॉलिसीचं नाव दिसतंय का बघा. प्रॉम्प्ट साधाच उघडलात तर हा भाग दिसणार नाही आणि उगाच घाबराल. पुढच्या वेळचा ताप नको असेल तर डोमेन कंट्रोलरवर (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरवर) 'रेडिरसीएमपी' ही कमांड एकदाच चालवून नवीन मशीन्सचा मुक्काम थेट तुमच्या ओयूत ठरवून टाका. मी हे आता प्रत्येक ठिकाणी पहिल्याच दिवशी करतो.

पत्ता बरोबर आहे, तरी एरर?

मग आधी नाव, मग दार. 'एनएसलुकअप' लिहून पुढे सर्व्हरचं नाव द्या. आयपी (आकड्यांतला पत्ता) आला नाही, किंवा एरर ८०२४४०२सी असेल, तर नाव सापडण्यात घोळ आहे. नव्वद टक्के वेळा, हा माझा अंदाज, कोणीतरी "नेट स्लो आहे" म्हणून डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या रकान्यात) ८.८.८.८ टाकलेलं असतं. गूगलच्या डीएनएसला तुमच्या ऑफिसातला सर्व्हर कुठून माहीत असणार! डोमेनमधल्या मशीनला डीएनएस फक्त डोमेन कंट्रोलरचा. दुसऱ्या रकान्यातही बाहेरचा नको.

नाव सापडलं तर पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', सर्व्हरचं नाव, '-पोर्ट ८५३०'. सुरक्षित जोडणी वापरत असाल तर ८५३१. उत्तर 'फॉल्स' आलं आणि जुन्या मशीनवर तेच 'ट्रू' येतंय, तर नवीन मशीन्स कुठल्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागात) किंवा कुठल्या वायफायवर बसल्या आहेत ते बघा. नवीन मजला घेतला की हे हमखास होतं. गेस्ट वायफायवर जोडलेला लॅपटॉप तर मी दोनदा पकडलाय.

'ट्रू' आलं की ब्राउझरमध्ये तोच पत्ता, पोर्ट आणि पुढे 'क्लायंटवेबसर्व्हिस/क्लायंट.एएसएमएक्स' टाकून बघा. पान उघडतंय आणि तरी अपडेट अडतंय, तर प्रॉक्सी (नेटकडे जाताना मध्ये बसणारा सर्व्हर) बघा. विंडोज अपडेट ब्राउझरची नव्हे, विनएचटीटीपीची (विंडोजच्या आतल्या सेवांसाठीची) सेटिंग मुख्यतः वापरतं. 'नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी' ने ती दिसेल. दुसऱ्या ऑफिसची जुनी इमेज (आधीच तयार केलेल्या विंडोजची प्रत) टाकून मशीन तयार केली असेल, तर तिकडचा प्रॉक्सी सोबत आलेला असतो. 'नेटएसएच विनएचटीटीपी रीसेट प्रॉक्सी' ने तो जातो.

८५३१ वापरत असाल आणि कोड ८००७२एफ८एफ आला, तर घड्याळ बघा किंवा सर्टिफिकेट. रिफर्बिश्ड मशीनची बोर्डवरची बॅटरी संपलेली असते आणि तारीख वर्षंच्या वर्षं मागे गेलेली असते. वेळ ५ मिनिटांहून जास्त चुकली तर कर्बेरॉसही (डोमेनमध्ये ओळख पटवण्याची पद्धत) अडतो, मग ग्रुप पॉलिसीही पोचत नाही.

एकाच इमेजवरून काढलेल्या मशीन्स

याची खूण वेगळी. एरर येत नाही, पण अपडेट सर्व्हरच्या कन्सोलमध्ये सहा मशीन्सऐवजी एकच दिसते, आज एक नाव तर उद्या दुसरं. सिसप्रेप (मशीनची जुनी ओळख पुसणारं विंडोजचं साधन) न वापरता क्लोन केल्यामुळे सगळ्यांचा 'सससक्लायंटआयडी' सारखाच असतो, आणि सर्व्हर त्यांना एकच समजतो. 'नेट स्टॉप डब्ल्यूयूएयूएसईआरव्ही' ने अपडेट सर्व्हिस थांबवा. रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, विंडोजअपडेट इथली 'सससक्लायंटआयडी' आणि 'सससक्लायंटआयडीव्हॅलिडेशन' या दोन नोंदी पुसा, सर्व्हिस सुरू करा आणि सेटिंग्जमधून अपडेट शोधायला लावा. प्रत्येक मशीनवर.

जुन्या मशीन्सही अडल्या असतील तर

आता सर्व्हरकडे जा. कोड ८०२४४०२२ असेल तर आयआयएसमध्ये 'डब्ल्यूससपूल' (अपडेट सर्व्हरचं काम चालवणारा भाग) थांबलाय का बघा. त्याची मेमरीची मर्यादा मूळची १८४३२०० केबी असते. नव्या मशीनची पहिली तपासणी जड असते, एकदम वीस-पंचवीस मशीन्स आल्या की पूल कोसळू शकतो. मर्यादा ४ जीबीच्या आसपास न्या, पूल सुरू करा. आणि सर्व्हरचा ८५३० किंवा ८५३१ हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूससमधल्या एका गंभीर त्रुटीसाठी मायक्रोसॉफ्टला तातडीचा पॅच काढावा लागला होता. सर्व्हरवर तो आहे ना, तेही बघून घ्या.

काही जण कंटाळून 'यूजडब्ल्यूयूसर्व्हर' शून्य करतात. पॉलिसी लागू असेल तर ती ताजी झाली की पुन्हा १ होतं, आणि तुम्हाला वाटतं मशीनला भूत लागलंय.

सगळं जुळल्यावर मशीन कन्सोलमध्ये 'अनअसाइन्ड कॉम्प्युटर्स' मध्ये उगवते. दिसली नाही तर वरची स्टेटसची गाळणी (फिल्टर) 'एनी' वर करा. तिथून ती योग्य ग्रुपमध्ये हलवा, कारण अपडेट मंजूर केलेले असतात ते ग्रुपला. महाप्याला मी हेच विसरलो होतो. एरर गेला, मशीन म्हणाली "यू आर अप टू डेट", आणि एकही अपडेट बसलं नव्हतं. त्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा घणसोली.