नागपुरात ॲक्शन थ्रिलर शूट करताय? हिरोईनच्या फाइटमधल्या या चुका टाळा

दर उन्हाळ्यात कोणीतरी हार्ड डिस्क घेऊन माझ्याकडे एडिटला येऊन बसतो. "भाऊ, फाइट खोटी वाटून राहिली, काहीतरी कर." गोष्ट साधारण तीच असते: कॉलेजातली पोरगी, मागे लागलेले चार गुंड, महाल भागातल्या गल्ल्यांतून पाठलाग. एडिटमध्ये थोडंफार झाकता येतं, पण खोटेपणा बहुतेक वेळा शूटिंगच्या दिवशीच शिरलेला असतो.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे हिरोसाठी बसवलेली फाइट जशीच्या तशी पोरीला देणं. 50 किलोची मुलगी 90 किलोच्या माणसाच्या छातीवर लाथ मारते आणि तो हवेत उडतो. प्रेक्षक तिथे एकदा हसला की पुढे कितीही म्युझिक टाका, तो घाबरत नाही. तिला त्याची करंगळी उलटी वाकवू द्या, गुडघ्यावर बाजूने टाच मारू द्या, स्कूटीची चावी मुठीत धरू द्या. जुन्या वाड्याचा अरुंद जिना मिळाला तर सोनंच. ती दोन पायऱ्या वर उभी राहिली की उंचीचा फरक मिटतो, आणि चौघं गुंड एकेक करूनच का येतात हेही कोणाला समजवावं लागत नाही.

तिला लागलंही पाहिजे. एका फुटेजमध्ये मुलीने ठोसा मारला, हात भिंतीला घासला, आणि ती "आई गं" म्हणून बोटं झटकत दोन पावलं मागे सरली. दिग्दर्शकाने तो टेक एनजी, म्हणजे 'नो गुड', लिहिला होता. मी तोच लावला. अख्ख्या फिल्ममध्ये लोकांच्या लक्षात राहिला तो तेवढाच.

"ठोसा लागलेला दिसत नाही" ही दुसरी तक्रार. कॅमेरा दोघांच्या बाजूला ठेवला की मूठ आणि गाल यांच्यामधली वीतभर जागा उघडी पडते. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे न्या. मूठ चेहऱ्यासमोरून आडवी गेली की मधलं अंतर दिसत नाही. लांब लेन्स, म्हणजे 85 एमएमच्या आसपासची, हे अंतर आणखी दाबते. मान वळायला उशीर झाला असेल तर कटवर दोन-तीन फ्रेम उडवून बघा. आणि कॅमेरा गदागदा हलवून हे सगळं लपवू नका. कोण कोणाला मारतंय तेच कळत नाही. आवाजासाठी ओलं फडकं चामड्याच्या बॅगेवर आपटा, हाड मोडायचं असेल तर माइकजवळ मुळा मोडा. हसू नका, करून बघा.

स्कार्फ मात्र आपल्याकडची फुकटची देणगी आहे. उन्हात आपल्या पोरी डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळूनच स्कूटी काढतात, त्यामुळे बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत कोणाच्या मागे जायचं हे गुंडालाही कळत नाही. अवघड शॉटला डुप्लिकेटही खपते. वरून हेल्मेट घालाच. चूक होते ती कंटिन्युइटीत: गाठ एका शॉटला डावीकडे, पुढच्याला उजवीकडे. प्रत्येक सेटअपनंतर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सैल सलवारीखाली नी-पॅड सहज लपतात, टाइट जीन्सचा हट्ट सोडा.

छोट्या गोष्टी पटकन सांगतो. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली चित्रात पट्टे येत असतील तर शटर स्पीड 1/50 किंवा 1/100 सेकंदाला ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे. नकली पिस्तूल रस्त्यावर काढणार असाल तर पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा, नाहीतर कोणीतरी 112 फिरवतोच. नायिका 14 वर्षांखालची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि सलग 3 तासांनंतर विश्रांती. "एकच टेक राहिला" हे तिथे चालत नाही.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा 11 ते 4 बाहेर कॅमेरा काढू नका. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, कॅमेरा तापून बंद पडतो, आणि धावणारी पोरगी खरंच चक्कर येऊन पडू शकते. पहाटे पळवा.

मग दुपारी घरातले सीन घेऊ, असं सगळ्यांना सुचतं. आम्हालाही सुचलं होतं. पोरगी पलंगाखाली लपलीय, गुंडाची पावलं जवळ येताहेत, पूर्ण शांतता हवी, आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघर. आमचा कूलर बंदच होता. आवाज शेजारच्यांचा. मी जाऊन म्हटलं, "काकू, दहा मिनिटं कूलर बंद करता का?" काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. तो सीन आम्ही डिसेंबरात परत शूट केला.