कच्चं खायला सुरुवात कशी करायची, पोट न बिघडवता

एकदम सोमवारपासून तिन्ही वेळा सॅलड वगैरे करू नका, तिसऱ्या दिवशी पोट गुबारा होतं आणि चौथ्या दिवशी वडापाव. आपल्या ताटात कोशिंबीर आधीपासून आहेच की, फक्त ती लोणच्याएवढी वाढतो आपण. पहिला आठवडा एवढंच करा, दुपारच्या जेवणात एक वाटी कोशिंबीर आणि ती आधी खायची, मग पोळी-भाजी. काकडी, गाजर, मुळा, कोबीची पचडी, जे स्वस्त असेल ते. मीठ मात्र अगदी पानात वाढताना घाला, नाहीतर काकडीला पाणी सुटून सगळं पचपचीत होतं. दाण्याचं कूट चमचाभर बास, मी आधी इतकं घालायचे की काकडी शोधावी लागायची!

दुसऱ्या आठवड्यात मोड आलेले मूग. ८-१० तास भिजवा, पाणी काढून कापडात बांधून ठेवा, उन्हाळ्यात रात्रीत मोड येतात, थंडीत दीड-दोन दिवस पण लागतात. चिकट झाले किंवा वास आला की सरळ फेकायचे. पावसाळ्यात, किंवा घरात म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई असेल तर वाफवूनच द्या, कच्च्या मोडांत जंतू पटकन वाढतात. आणि राजमा कच्चा अजिबात नाही, मोड आणले तरी नाही, तो विषारी असतो, नीट उकळूनच खायचा.

वरून लिंबू पिळा, मुगातलं लोह अंगी लागायला मदत होते.