काउंट बरोबर, तरी डाव गेला तर

बेळगाव, खानापूरकडून चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत पत्ते मोजून (निघून गेलेल्या पत्त्यांचा हिशेब, म्हणजे काउंट, ठेवून) ब्लॅकजॅक, म्हणजे २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा खेळ, खेळणाऱ्यांसाठी. काउंट चढा (मोठे पत्ते जास्त उरलेले), बेट मोठी, तुमची बेरीज ११, डीलरचा उघडा पत्ता ६. तुम्ही डबल करता (बेट दुप्पट) आणि डीलर २१ वर पोचतो. पोटात कालवतंच. पण ६ दाखवणारा डीलर शंभरात साधारण ४२ वेळाच फुटतो, म्हणजे २१ च्या वर जाऊन हरतो. बाकी वेळा त्याचा डाव बनतो. मोजण्यातून मिळणारा फायदा फार तर एखादा टक्का. म्हणजे सारख्या बेटनं १०० डाव खेळलात तर सरासरी कमाई एका बेटची, आणि चढउतार सहज दहा-अकरा बेटचा!

म्हणून डाव गेल्यावर एवढंच तपासा: काउंट बरोबर होता का, खेळी बरोबर होती का? असेल, तर पुढची बेटही काउंटच ठरवेल, राग नव्हे. आकडा चुकायला लागला की लगेच उठा, कारण मग तो टक्काही उरत नाही. (पत्ते सतत पिसणारं यंत्र असेल तर मोजणं व्यर्थच, तिथं बसूच नका.) आणि उसाच्या बिलाचे किंवा मुलांच्या फीचे पैसे घाटाखाली नेऊ नका. ते जाताना डोकं कुणाचंच थंड राहत नाही.