कांदा चिरून ठेवला म्हणून रंगाचा धोका जात नाही

रंग दिला की खोलीच्या कोपऱ्यात कांदा चिरून ठेवायचा, ही आमच्याकडं घरोघरची रीत. 1988 साली कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत मामाच्या हाताखाली मी ब्रश धरला, तेव्हापासून बघतोय. कांद्यानं रंगाचा वास दबतो म्हणजे काय, तर कांद्याचा वर येतो. मग घरची माणसं म्हणतात, "वास गेला, आता झोपा बिनघोर." घोळ इथंच आहे. या धंद्यातल्या ज्या दोन गोष्टींना मी सगळ्यात जास्त भितो, त्यातल्या एकीला वासच नाही आणि दुसरीचा वास यायच्या आधीच छातीत जायचं ते गेलेलं असतं. म्हणून ज्यांनी घर रंगवायला काढलंय, आणि जे पैसे वाचवायला स्वतःच पत्रा-ब्रश घेऊन बसणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी बिनवासाची गोष्ट. शिसं.

2019 च्या महापुरानंतर सुतारवाडा आणि दुधाळी भागात मी कित्येक आठवडे फक्त दारं-खिडक्या खरवडत होतो. सागवानी चौकटी फुगल्या होत्या, जुन्या ऑइल पेंटचे पापुद्रे हाताला येत होते. एका दाराला पाच थर निघाले. वर तपकिरी, खाली पिस्ता, मग गडद हिरवा, मग पिवळा आणि तळाला शेंदरी प्रायमर. तो शेंदरी म्हणजे बहुधा शेंदूरच, शिशाचं ऑक्साइड. (विटकरी रेड ऑक्साइड वेगळा, तो लोखंडाचा.) जुना भडक पिवळा आणि केशरी बऱ्याचदा लेड क्रोमेटचा असायचा, आणि त्याच पिवळ्यात निळा मिसळून हिरवा करायचे. शिवाय ऑइल पेंट लवकर वाळावा म्हणूनही त्यात शिशाचे क्षार पडत.

घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर नको, म्हणजे किलोभर वाळलेल्या रंगात 90 मिलिग्रॅमच्या वर नको, असा केंद्र सरकारचा नियम 2016 मध्ये निघाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. माझा हिशोब सोपा आहे. त्याआधीचा ऑइल पेंट दिसला की त्यात शिसं आहेच असं धरायचं. नसलं तर चांगलंच, धरून चालण्यात तोटा काही नाही.

दारावर घट्ट बसलेला रंग काही करत नाही. त्रास सुरू होतो तो आपण कोरडा पॉलिश पेपर मारायला लागलो की. ती पिठासारखी धूळ सगळ्या घरात बसते, रांगणाऱ्या पोराच्या हाताला लागते, हात तोंडात जातो. मोठ्या माणसापेक्षा लहान पोराच्या अंगात शिसं जास्त प्रमाणात मुरतं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. रक्तात अमुक इतकं शिसं चालतं अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डेसिलिटरला, म्हणजे 100 मिलिलिटर रक्ताला, 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं तर ते कुठून आलं ते शोधा आणि बंद करा, असं त्यांच्या 2021 च्या मार्गदर्शनात आहे. घरात खरवडकाम होऊन गेलं असेल आणि लहान पोर असेल तर डॉक्टरांना विचारून रक्ताची ही तपासणी करून घ्या.

खरवडण्याची माझी रीत अशी. पहिला प्रश्न, खरवडायची गरज आहे का? रंग घट्ट असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा, ओल्या वॉटर पेपरनं चकाकी तेवढी मोडा आणि वरून नवा हात द्या. शिसं आत कोंडून राहतं. मिस्त्री लोकांना लाकूड उघडं केल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही, तो त्यांचा प्रश्न. मात्र खिडकीची झडप जिथं चौकटीला घासते तिथला जुना रंग काढावाच लागतो, कारण उघड-मीट करताना रोज थोडी धूळ पडत असते.

काढायचाच असेल तर लहान पोरं आणि घरात गरोदर बाई असेल तर ती, यांना त्या दिवसापुरतं नातेवाइकांकडं पाठवा. शेजारच्या खोलीत नव्हे, घराबाहेर. सामान हलवा, दाराखाली जाड प्लास्टिक पसरा, पंखा बंद ठेवा. कपड्याला इस्त्री करताना वापरतो त्या फवाऱ्यात पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घाला आणि ओलं करत करत खरवडा. लांबी (पुट्टी) घासायची असली तरी पेपर ओलाच. ब्लोलॅम्प नको, आगीनं शिशाचा धूर होतो आणि तो धुळीपेक्षा वाईट. मशीनचं सँडर नको. शेवटी झाडू तर अजिबात नको. प्लास्टिक आतल्या आत गुंडाळून पिशवीत बांधा आणि फरशी ओल्या फडक्यानं दोनदा पुसा, दुसऱ्या वेळी पाणी आणि फडकं बदलून.

तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. धुळीसाठी निदान एन-95 घ्या, आणि दाढी असेल तर तोही कडेनं गळतो.

आता आमच्या लोकांची खरी खोड. तंबाखू. धुळीनं माखलेल्या तळव्यावर चुना लावून मळायची आणि ओठात दाबायची. धूळ तोंडात जाऊ नये म्हणून मास्क आणि मग तीच धूळ हातानं तोंडात! मी स्वतः वीस वर्षं हेच केलं. साबणानं हात धुतल्याशिवाय तंबाखू, चहा, बिडी काही नाही, हा नियम माझ्या कामावर आता मोडला तर त्या दिवशीची हजेरी कापतो. कामाचे कपडेही घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत, वेगळे धुवायचे.

आणि गूळ. "कोल्हापूरचा गूळ खा, धूळ पोटातून निघून जाते," असं म्हणत ठेकेदार दुपारी खडा हातावर ठेवायचा. पोटभर जेवलेल्या, लोह आणि कॅल्शियम पुरेसं मिळणाऱ्या माणसाच्या अंगात शिसं कमी शोषलं जातं, एवढं खरं. पण आत गेलेलं शिसं हाडात जाऊन बसतं, त्याला गूळ बाहेर काढत नाही. खायचा तर गोड लागतो म्हणून खा.

थिनर आणि टर्पेंटाइनचं तुम्हाला नाक सांगतंच, म्हणून थोडक्यात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. म्हणून वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडं पाहिजे. देव्हाऱ्यातला दिवा, गॅस, बिडी, सगळं बंद. डोकं जड झालं, गरगरलं तर "जरा सवय झाली की होईल" म्हणू नका, बाहेर या. तेलाच्या पॉलिशची किंवा ऑइल पेंटची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. ती मोकळी पसरून बाहेर वाळवा, नाहीतर झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. थिनर पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. पोरानं चुकून घोट घेतलाच तर उलटी करवू नका, उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरतं. तडक दवाखाना गाठा, बाटली बरोबर घ्या. हाताचा रंग काढायलाही थिनर नको. आधी गोडेतेल चोळा, मग साबण.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पीयू, पॉलियुरेथेनचं चकचकीत पॉलिश. टीव्ही युनिट, मुख्य दार, सगळ्यांना आता काचेसारखं चकचकीत पाहिजे. दोन डबे येतात, एक बेस आणि एक हार्डनर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. माझ्या पुतण्यानं राजारामपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये जुलैत हे काम घेतलं. बाहेर पावसाची झड, गौरी-गणपतीच्या आत घर पाहिजे म्हणून घरमालकाची घाई, खिडक्या बंद, तोंडाला रुमाल. असली कामं त्यानं दोन वर्षं ओढली. मग रात्रीचा खोकला सुरू झाला, छातीत शिट्टी वाजायची. सुट्टीत गावी गेला की बरा. आम्ही थंडी म्हणालो, पाऊस म्हणालो. डॉक्टरांनी काम विचारल्यावर उलगडा झाला, पीयूचा दमा. एकदा अंगानं त्याची धास्ती घेतली की नंतर अगदी थोडकंसुद्धा चालत नाही. शेजारच्या घरात कुणी फवारत असेल तरी त्याला धाप लागते. पोरगा हाताचा गुणी, पण आता फक्त चुना आणि सिमेंट पेंटची कामं करतो.

त्यामुळं पीयू घरात फवारू देऊ नका. दार बिजागऱ्या काढून वर्कशॉपमध्ये न्या, तिथं बूथ (फवारायची बंदिस्त खोली) आणि हवा ओढणारा पंखा असलेला बघा. फवारणाऱ्याला बाहेरची ताजी हवा नळीनं पुरवणारा मास्क लागतो. कोळशाच्या डबीचा मास्क रुमालापेक्षा किती तरी बरा, पण डबी संपली हे वासानं कळत नाही, म्हणून त्याच्यावर भरवसा मर्यादित. पाण्याचं पीयू म्हणून विकतात त्यातल्या काहींतही वेगळा हार्डनर असतो, तेव्हा डबा फिरवून बारीक अक्षरं वाचा. एकदा पूर्ण पक्कं झालं की त्या दाराला हात लावायला भीती नाही.

नवा रंग घेताना लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराला डबा उघडायच्या आधी लेबल दाखवायला सांगा. शिसं 90 पीपीएमच्या आत आहे असं छापलेलं पाहिजे. लोखंडाच्या ग्रिलला म्हणून कारखान्याच्या कामाचा उरलेला पिवळा, केशरी रंग कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. 2016 चा तो नियम औद्योगिक रंगांना लागू नाही.

काम संपलं की ब्रश धुतलेलं पाणी कुठं ओतता? गटारात. गटार जयंती नाल्यात, नाला पंचगंगेत. थिनरचं सोपं आहे. वापरलेलं थिनर झाकणाच्या बरणीत चार दिवस ठेवलं की रंग तळाला बसतो, वरचं निवळ पुढच्या धुण्याला चालतं. पाण्याचा उरलेला रंग भुशात किंवा वाळूत कालवून वाळवा. जुन्या रंगाची खरवड, तळाचा गाळ आणि रिकामे डबे ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका. रंगाचे टाकाऊ डबे हा घरगुती घातक कचरा, असं 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलेलं होतं. वेगळे बांधून घंटागाडीवाल्याला सांगून द्या.

वीस लिटरची रंगाची बादली मात्र कुणी टाकत नाही, हे मलाही ठाऊक आहे. त्यात जास्वंद लावा, गाडी धुवायचं पाणी भरा. पिण्याचं पाणी, गहू, लोणचं त्यात नको, कितीही घासली तरी.